बागेखालची शाळा

आमच्या मोहल्ल्याला काय रोग झालाय हे आम्हाला परभणीहून आलेल्या साहेबांनी सांगितलं. रोगाचं नाव ‘संमिश्र वापराची दाट वस्ती’. तोवर आम्ही त्या रोगासकट सुखाने जगत होतो. खाली पिठाची गिरणी आणि वर गिरणीवालीचं घर, पुढे सायकलचं दुकान आणि मागे त्याच दुकानदाराच्या बायकोची शिवणाची मशीन, पिंजाऱ्याच्या कापसाचे तंतू शेजारच्या हॉटेलातल्या चहावर आणि चहावाल्याची म्हैस सगळ्यांच्या वाटेत. भाकरीला पीठ हवं असलं की जिना उतरायचा, झालं. हे आरोग्याला फार घातक आहे असं साहेबांचं मत पडलं. घरं एकीकडे, दुकानं एकीकडे, शाळा एकीकडे आणि मधोमध हिरवीगार बाग, असं असलं म्हणजे माणूस सुधारतो. साहेब स्वतः परभणीत एका औषधाच्या दुकानावर राहत होते, हे मला नंतर कळलं.

गावाचं नाव सांगत नाही, उगाच कुणाच्या पोटात दुखायला नको. परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, मधून रेल्वेचा रूळ गेलेला, एवढं पुरे. मी तिथल्या प्राथमिक शाळेत बाई होते. शाळा कसली, निजामाच्या काळातला करोडगिरीचा नाका होता तो. येणाऱ्याजाणाऱ्या मालावर जकात घ्यायला बांधलेल्या तीन दगडी खोल्या, वर पत्रे, समोर मोकळी जागा आणि तीन मोठे लिंब. निजाम गेला, जकात गेली, खोल्या उरल्या. शाळा आधी मारुतीच्या पारावर भरायची. एका पावसाळ्यात मुलं फारच भिजली, तेव्हा मुख्याध्यापकांनी कुणाला न विचारता ती उचलून नाक्यात आणली. त्यांना सगळे मोठे गुरुजी म्हणत. कागदावर मात्र शाळा पारावरच राहिली. कागदावरची मुलं भिजत नसल्यामुळे ते दुरुस्त करायची घाई कुणाला नव्हती.

डी.एड. झाल्यावर मला लागलेली ही पहिली नोकरी. आमचं घर बौद्धांचं. वडील रेल्वेत गँगमन, म्हणून आम्ही मोहल्ल्याला लागून असलेल्या वस्तीत राहायचो. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाड्यात घरं जळाली त्याला तेव्हा वर्ष-दोन वर्षं झाली असतील. माझ्या मामांचा त्यांच्या गावी नुसता कडबाच जळाला, घर राहिलं. त्याबद्दल मामांनी गावाचे आभार मानावेत अशी गावाची अपेक्षा होती. आणि मला नोकरी लागली तशी मी सरकारची जावई झाले. बाईमाणूस असूनही जावई.

शाळेत आम्ही चौघं शिकवायला. पहिल्याच दिवशी दोन गुरुजींनी पाण्याचा माठ उचलून उंच फळीवर ठेवला आणि ‘बाईंची अडचण नको’ म्हणून माझ्यासाठी वेगळा तांब्या आणला. फार समजूतदार माणसं. दुपारच्या सुट्टीत मोठे गुरुजी आले, त्यांनी सगळं पाहिलं आणि मला म्हणाले, “बाई, मला पाणी द्या बरं. तुमच्या तांब्यातलंच द्या.” सगळ्यांसमोर ते घटाघटा प्यायले. दुसऱ्या दिवशी माठ खाली आला. त्या गोष्टीचा त्यांनी पुन्हा कधी उच्चार केला नाही. मी मात्र त्यांची मिंधी झाले. इतर लोक पाणी मिळालं म्हणून मिंधे होतात. आपल्या हातचं कुणी प्यायलं म्हणून मिंधं होण्याची पाळी आमच्यावरच यायची. याचा मला रागही यायचा आणि त्या माणसाविषयी माया काही कमी व्हायची नाही.

आता आमच्या शाळेच्या दोन चालीरीती सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे घडलं. पहिली, होळी जवळ आली की शाळेची पाटी उतरायची. एकदा मोहल्ल्यातल्या पोरांनी ती होळीत घातली होती. सागवानी पाटी, छान जळाली म्हणे. तेव्हापासून गुरुजी होळीआधी नवी पाटी काढून कपाटामागे ठेवायचे आणि जूनमध्ये शाळा उघडली की टांगायचे. दुसरी, मे महिन्यात शाळेत ज्वारी राहायला यायची. मोंढ्यातल्या, म्हणजे धान्याच्या बाजारातल्या, एका आडत्याला उन्हाळ्यात जागा कमी पडायची. तो सुट्टीभर आमच्या वर्गांत पोती रचायचा आणि त्याच्या बदल्यात उडालेले पत्रे ठोकून द्यायचा, जाताना मुलांना बसायला रिकामी पोती ठेवून जायचा. सरकारने आम्हाला बसकरं दिली नव्हती, पण सरकारी जागेत खासगी माल ठेवला तर निलंबन, असा नियम दिला होता. गुरुजींनी नियम कपाटात ठेवला आणि मुलांना पोत्यांवर बसवलं. शाळा सुटायच्या दिवशी फळे भिंतीला टेकवून ज्वारीला जागा करून द्यायला मीही हात लावलेला आहे.

अशाच एका मे महिन्यात मोजणीवाले आले. मोजणी उन्हाळ्यातच का, तर तेव्हा माणसं घरात पडलेली असतात आणि कुणी मध्ये तोंड घालत नाही. साखळी ओढत ते नाक्यापाशी आले. पाटी नाही. दाराला कुलूप. खिडकीतून पाहिलं तर आढ्यापर्यंत पोती. समोर गिरणीवाली सूप घेऊन बसली होती, तिला त्यांनी विचारलं, आत काय आहे.

“ज्वारी हाय की,” ती म्हणाली. “दिसंना का तुमाला?”

खरं तेच सांगितलं बिचारीने. तिची पोरगी आमच्याच शाळेत पहिलीत होती, पण शाळा कुठे आहे हे तिला कुणी विचारलं नव्हतं आणि न विचारता साहेबलोकांना शिकवायला ती काय मास्तरीण होती? मोजणीवाल्यांनी वहीत लिहिलं, ‘जुने गोदाम, मोडकळीस आलेले.’ जूनमध्ये हे सगळं तिने मला हसत हसत सांगितलं आणि मीही हसले.

वर्षभराने नकाशा आला. पालिकेच्या कचेरीत तो भिंतीवर टांगला होता आणि दिसायला फार गोड होता. पिवळा रंग राहण्याचा, निळा दुकानांचा, लाल शाळा-कचेऱ्यांचा आणि बरोबर मधोमध एक हिरवा चौकोन. चौकोनात लिहिलं होतं, ‘आरक्षण : उद्यान व कारंजे’. आरक्षण हा शब्द वाचून आमच्यातल्या एका गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे कारंजंही मीच मागितलं होतं. मोठे गुरुजी चष्मा पुसून नकाशाला नाक लावून उभे राहिले.

“बाई, आपली शाळा कुटं हाय यात?”

मी मारुतीच्या पारावर बोट ठेवलं. तिथे एक लाल ठिपका होता, शेजारी ‘प्रा. शाळा’. त्या शाळेला उघड्यावर बसावं लागतं याची साहेबांनी दयाळूपणे दखल घेतली होती आणि तिच्यासाठी रुळापलीकडे ‘मध्यवर्ती ठिकाणी’ नवी इमारत सुचवली होती. रुळापलीकडे तेव्हा बाभळी होत्या आणि स्मशान होतं. मध्यवर्ती कुणाच्या, ते लिहिलेलं नव्हतं. आणि कारंजं येत होतं बरोबर माझ्या तिसरीच्या वर्गात.

मला आधी हसू आलं, मग एकेक मूल डोळ्यांसमोर आलं. आमच्या शाळेतली मुलं गिरणीवालीची, पिंजाऱ्याची, हमालांची, आमच्या वस्तीतली. त्यांच्या आया निंदायला, कापूस वेचायला निघाल्या की जाता जाता त्यांना शाळेच्या ओट्यावर सोडून जायच्या. रुळाचं फाटक लांब होतं. मालगाडी तासन्‌तास उभी राहायची आणि पलीकडे जायचं तर डब्यांखालून सरपटत. मुलगे सरपटले असते, त्यांना तेवढंच निमित्त. मुलींना कुणी पाठवलं नसतं. शाळा रुळापलीकडे गेली की माझ्या वर्गातल्या मुलींचं शिकणं संपलं, इतकं ते सरळ होतं.

आराखड्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला सभा झाली. मी वही घेऊन गेले होते, काय बोलायचं ते लिहून. अध्यक्षांनी नारळ फोडला आणि पहिलाच प्रश्न विचारला, बागेला नाव काय द्यायचं? झालं. त्या वर्षांत आमच्याकडे नाव हा शब्द नुसता उच्चारला तरी माणसं बाह्या सरसावून उभी राहायची. एकाने राजाचं नाव सुचवलं, दुसऱ्याने संताचं. एका सभासदाने आपल्या कैलासवासी वडिलांचं सुचवलं, कारण त्यांनी एका उन्हाळ्यात त्या लिंबाखाली पाणपोई घातली होती. मग आमच्या वस्तीतले एक म्हातारे बाबा उठले आणि त्यांनी शांतपणे आमचं नाव सांगितलं. सभागृहात खुर्च्या सरकल्या, कुणीतरी पोलिसांना बोलवायला गेलं, आणि पुढची सगळी संध्याकाळ जी बाग अजून नव्हती तिच्या नावासाठी माणसं एकमेकांची आईबहीण काढत राहिली.

मी वही मांडीवर ठेवून बसले होते. खोटं कशाला बोलू, मलाही तेच नाव हवं होतं. त्या नावासाठी काय काय जळालं होतं ते मला ठाऊक होतं. पण ज्यांनी आम्हाला शिका म्हणून सांगितलं, त्यांचं नाव शाळा पाडून केलेल्या बागेला? हे मी त्या म्हाताऱ्या बाबांना सांगायला उठले असते तर सगळं सभागृह म्हणालं असतं, बघा, त्यांच्यातलीच बाई नको म्हणते. मी बसून राहिले. बागेखाली काय आहे, हे त्या सभेत कुणीही विचारलं नाही.

मग मी लेखी हरकत दिली. शाळा नाक्यात भरते, येऊन पाहावं, असं साधं दोन ओळींचं. कचेरीने तत्परतेने माणूस पाठवला. भर पावसात आला, तिन्ही खोल्यांत डोकावला, मुलांनी उभं राहून त्याला ‘नमस्ते गुरुजी’ म्हटलं. त्याचा अहवाल मी पुढे स्वतः वाचला. ‘सदर गोदामात काही मुले बसलेली आढळली. पावसामुळे आश्रयास आली असावीत.’ पाटी टांगलेली होती, फळ्यावर पाढे होते, पण अहवाल लिहिणाऱ्याला आधीच्या अहवालाचा मान राखायचा होता.

शेवटी सुनावणी लागली. गुरुजींना आणि मला बोलावणं आलं. आम्ही दोघं नाक्यापासून कचेरीपर्यंत बरोबर चालत गेलो. वाटेत त्यांनी मला रस्त्यातला खड्डा दाखवला, मी त्यांना सायकल येतेय म्हणून सांगितलं, याउपर आम्ही काही बोललो नाही. त्यांच्या नोकरीची दोन वर्षं राहिली होती हे मला माहीत होतं आणि ते मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं.

सुनावणी घ्यायला परभणीचे तेच साहेब होते. तसे ते वाईट नव्हते. वाईट माणसं फाईल एवढी वाचत नाहीत.

“शाळा पारावर आहे की नाक्यात?” त्यांनी विचारलं.

“नाक्यात,” मी म्हणाले.

“मग मोजणीच्या वेळी तिथे आढ्यापर्यंत पोती कशी काय? की आमची माणसं खोटं लिहितात?” ते गुरुजींकडे वळले. “तुमचं काय म्हणणं?”

गुरुजी उभे राहिले. “साहेब, दफ्तरात जे हाय ते हाय.”

“दफ्तरात शाळा पारावर आहे.”

गुरुजी चष्मा पुसू लागले. पुसतायत तर पुसतायतच. साहेबांनी थोडं थांबून माझ्याकडे पाहिलं आणि चक्क मऊ आवाजात म्हणाले, “बाई, तुम्ही सांगा. पोती होती की नव्हती? होती तर कुणाच्या सांगण्यावरून, आणि शाळा तिथे कधीपासून, एवढं लिहून द्या. हिरवा चौकोन मी आज इथे बसून सरकवतो. पण लेखी दिल्याशिवाय मी गोदामाची शाळा करू शकत नाही.”

इतकं सोपं होतं. पोती होती, गुरुजींच्या सांगण्यावरून होती. एक वाक्य लिहायचं आणि सही करायची. शाळा वाचली असती आणि गुरुजी दुसऱ्या दिवशी निलंबित झाले असते. पोत्यांवर मुलं बसवली हे नियमाला कोण सांगणार होतं? मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. मला वाटलं, हा माणूस आता मनातल्या मनात हात जोडतोय.

“मी मे महिन्यात गावी होते, साहेब,” मी म्हणाले. “मला माहीत नाही.”

साहेबांनी पेनचं टोपण लावलं. हरकतदारास माहिती नाही, हरकत फेटाळली.

पुढचं सगळं अगदी आराखड्याप्रमाणे झालं. आमच्या गावात तशी एवढी एकच गोष्ट झाली असेल. नाका पाडला. दगड चांगले होते, ते कुणाकुणाच्या घरांच्या पायात गेले. सावली व्हावी म्हणून बाग करायची होती आणि बागेत ऊन यावं म्हणून तिन्ही लिंब तोडले. हिरवळ लावली. नळाला चार दिवसांआड पाणी यायचं, ते आधी हिरवळीला आणि उरलं तर माणसांना. कारंजं उद्घाटनाच्या दिवशी उडालं, मंत्र्यांच्या अंगावर चार थेंब पडले, टाळ्या झाल्या. नाव ठरेना म्हणून फाटकावरच्या कमानीत जागा कोरीच ठेवली. आत ‘हिरवळीवर खेळू नये’ असा फलक लावला, तो लहान मुलांच्या उंचीवर, वाचायला सोपा जावा म्हणून. गिरणीला निळ्या रंगात गाळा मिळाला आणि गिरणीवालीला पिवळ्या रंगात घर, त्यामुळे ती रोज संमिश्र न होता अर्धं गाव चालत कामाला जाऊ लागली.

शाळा रुळापलीकडे गेली. इमारत पक्की, खिडक्यांना गज, बाहेर बाभळी. पहिल्या दिवशी मी हजेरी घेतली. मुलांची नावं पुकारली की ‘हजर’ यायचं आणि मुलींची पुकारली की खिडकीतून मालगाडी दिसायची. गिरणीवालीची पोरगी माझ्या वर्गात सगळ्यांत सुरेख वाचायची; एकही शब्द न अडखळता, मान वर करून, जणू वाचतेय ते तिनेच लिहिलंय. मी तिच्या घरी गेले. तिची आई दारातच म्हणाली, “बाई, तुमीच सांगा, गाडीच्या खालून धाडू का पोरीला? माजी एकच हाय.” मी मीठभाकरी खाल्ली आणि परत आले. तीन वेळा गेले. तिसऱ्या वेळी पोरगी घरी नव्हती, कापूस वेचायला गेली होती.

सुनावणीनंतर दोन वर्षांनी गुरुजी निवृत्त झाले, बिनडाग. निरोपाचा कार्यक्रम बागेत ठेवला, कारण गावात तेवढी एकच सुशोभित जागा होती. शाल, नारळ, भाषणं. माझ्यापासून माठ फळीवर ठेवणाऱ्या दोघांतले एक गुरुजी सामाजिक समतेवर अर्धा तास बोलले. मला बोलायला सांगितलं, मी दोन वाक्यं बोलून खाली बसले. लोक चिवडा खायला पांगले तेव्हा गुरुजी शाल सावरत माझ्या शेजारी येऊन बसले.

“बाई, एक इचारू? त्या दिवशी साहेबासमोर तुमी खोटं कामून बोललाव?”

मला वाटलं ते आभार मानायची प्रस्तावना करतायत. “तुमची नोकरी जायला नको म्हणून, गुरुजी.”

त्यांनी मांडीवरचा नारळ बाजूला ठेवला. मग म्हणाले, “मला वाटलं तुमी बोलताल. माझ्या तोंडून निघंना. आयुष्यभर ‘हो साहेब’ म्हणलेली जीभ, ती वळंनाच. म्हणलं, बाई तरण्या हायत, तिखट हायत, त्या सांगतेत आता. मी वाट बघायलो होतो.”

“आणि निलंबित झाला असतात तर?”

“झालो असतो की. घरी बसलो असतो. आता तरी काय करायलोय?”

मला रडू आलं नाही, राग आला. त्यांचा आला, आणि त्याहून जास्त माझा. मी त्यांच्यासाठी शाळा दिली होती आणि त्यांना ती नकोच होती. साहेबांसमोर त्यांनी नजर वळवली ती हात जोडण्यासाठी नव्हती, ती मला मोकळं सोडण्यासाठी होती, आणि मी एवढी शहाणी की मला ते उलटंच वाचता आलं. नाक्यापासून कचेरीपर्यंत वीस मिनिटांची वाट होती. त्या वीस मिनिटांत आम्ही दोघांनी एकमेकांचा इतका मान राखला की तोंड उघडलं नाही. दोघांपैकी कुणी एक वाक्य बोललं असतं, तर गिरणीवालीची पोरगी चौथीत बसली असती.